गरुडमुद्रेचा धनी : अमोघवर्ष नृपतुंग

शाळेंत नांव घातलें कीं पहिल्या आठवड्यांतच सदऱ्याच्या खिशावर शाळेचें चिन्ह शिवून घ्यावें लागतें. तें जरा वांकडें बसलें तर मुलगा आईवर रुसतो, आणि वर्षअखेर त्याचे धागे सुटले तरी तें काढूं देत नाहीं. वीतभरही नसलेल्या त्या कापडाच्या तुकड्यांत एवढें काय असतें, असें एखाद्या पालकानें विचारलें तर त्याचें उत्तर इतिहासांतच शोधावें लागेल. आपल्या घराण्याचें, गांवाचें वा राज्याचें सारें वैभव एका लहानशा आकृतींत कोंडून ठेवण्याचा उद्योग मनुष्यानें फार प्राचीन काळापासून चालविला आहे, आणि त्या आकृतींपायीं रक्तही पुष्कळ सांडलें आहे.

इंग्लंडच्या राजांसाठीं मध्ययुगाच्या अखेरीस तयार झालेले हस्तलिखित ग्रंथ ज्यांनीं चित्रांतून तरी पाहिले असतील, त्यांना ठाऊक असेल कीं, चर्मपत्राच्या त्या पानांवर सोन्याचा वर्ख देऊन काढलेल्या वेलबुट्टींत राजाचीं चिन्हें जागोजाग गुंफलेलीं असतात. तांबड्या भूमीवरील तीन सोनेरी सिंह हें त्या राजकुळाचें जुनें चिन्ह. इ. स. १३४० मध्यें तिसऱ्या एडवर्डनें आपल्या आईच्या नात्यानें फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला, आणि फ्रेंच राजांचीं निळ्या भूमीवरील लिलीचीं सोनेरी फुलें आपल्या ढालीवर सिंहांच्या शेजारीं चढविलीं. पुढें १४४५ च्या सुमारास जॉन टॅलबट नांवाच्या सरदारानें सहाव्या हेन्रीच्या नववधूस एक भव्य ग्रंथ नजर केला. त्यांत राजाची वंशावळ लिलीच्या फुलाच्या आकारांत काढून, हेन्री हाच दोन्ही राज्यांचा खरा वारस होय, असें दाखविलें आहे. त्यानंतर आठच वर्षांनीं, १४५३ मध्यें, तोच टॅलबट कास्तियाँच्या लढाईंत पडला, आणि एका कॅले बंदराखेरीज फ्रान्समधील सारी भूमि इंग्रजांच्या हातून गेली. तीं फुलें मात्र इंग्लंडच्या राजचिन्हांत १८०१ सालापर्यंत तशींच टवटवीत राहिलीं!

मग आपल्या मुलखांत असें कांहीं नव्हतें काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारल्यावांचून राहणार नाहीं. होतें, आणि तें इंग्लंडच्या त्या सोनेरी पानांहून पांचसहाशें वर्षांनीं जुनें आहे. फरक इतकाच कीं, आपल्या राजांनीं आपलें वैभव चर्मपत्रावर न रंगवितां तांब्यावर कोरलें. आपल्या उमरीहून गोदावरी ओलांडून दक्षिणेस गेलें म्हणजे कंधार लागतें, आणि त्याच्याही पलीकडे लातूर. हीं दोन्हीं नांवें ज्या राजकुळाच्या बिरुदांत कोरलीं गेलीं तें राष्ट्रकूटांचें कुळ. आणि त्यांपैकीं लातूरचें नांव, उपलब्ध लेखांवरून पाहतां, ज्यानें सर्वांत आधीं आपल्या नांवापुढें लावलें तो सम्राट अमोघवर्ष. त्याचें चरित्र त्याच्या राजचिन्हांच्या अनुषंगानें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम त्या ताम्रपटांची रचना सांगितली पाहिजे. राजा जेव्हां एखाद्या ब्राह्मणास, मंदिरास वा मठास गांव इनाम देई, तेव्हां त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत. राष्ट्रकूटांच्या सनदेचे बहुधा तीन पत्रे असत. अक्षरें घासलीं जाऊं नयेत म्हणून त्यांच्या कडा किंचित् उंच ठेवीत. प्रत्येक पत्र्यास भोंक पाडून त्यांतून तांब्याची जाड कडी ओंवीत, आणि कडीचीं दोन्ही टोंकें एका ओतीव मुद्रेच्या बुडाशीं पक्कीं बसवीत. कडी कापल्यावांचून मधला पत्रा कोणास बदलतां येऊं नये, ही त्यांतील खुबी. राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर मध्यभागीं समोर तोंड करून बसलेला गरुड असतो, आणि त्याच्या हातांत नाग असतात. भोंवतीं गणपति, चवरी, दिवा, स्वस्तिक अशीं लहान लहान मंगलचिन्हें. झिजलेल्या मुद्रांवरील ह्या आकृतीस आरंभीं कित्येक विद्वान् शिवमूर्तिच समजले होते. आणि गंमत अशी कीं, कांहीं मुद्रांवर शिव खरोखरच आहे. सनदेचा आरंभही विष्णु व शिव ह्या दोघांच्या एकत्र स्तवनानें होतो. एका देवाचें वाहन मुद्रेवर बसविलें म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, असें त्या लोकांस वाटत नसे.

गरुड हें चिन्हही राष्ट्रकूटांनीं नव्यानें काढलें असें नाहीं. त्यांच्यापूर्वीं चारशें वर्षें तो गुप्त सम्राटांच्या नाण्यांवर बसला होता, आणि समुद्रगुप्ताच्या मांडलिकांना गरुडमुद्रांकित सनदांची याचना करावी लागे. नागाला जिंकणारा, आकाशांत सर्वांहून उंच उडणारा हा पक्षी सार्वभौम राजाला आपला वाटावा, यांत नवल नाहीं.

परंतु अमोघवर्षाच्या घराण्यास केवळ स्वतःच्या चिन्हावर समाधान नव्हतें. दुसऱ्याचीं चिन्हें हिरावून घेण्याची त्यांस विलक्षण हौस होती. त्याचा पणजोबा पहिला कृष्ण, ज्यानें वेरुळचें कैलास लेणें खोदविलें, त्यानें चालुक्यांचें राज्य बुडविलें. चालुक्यांचें चिन्ह वराह. कृष्णानें त्या महावराहाचें हरिण करून टाकलें, असें त्याचे कवि मोठ्या ऐटीनें सांगतात. आजोबा ध्रुव ह्यानें उत्तरेकडील प्रतीहार राजा वत्सराज यास पळावयास लावलें आणि त्याच्याजवळचीं दोन श्वेतच्छत्रें हस्तगत केलीं. हीं छत्रें तरी वत्सराजाचीं होतीं काय? नाहीं, तीं त्यानेंही गौड देशाच्या राजापासून लुटून आणलेलीं! चोराच्या घरीं दुसरा चोर शिरावा तसाच हा प्रकार. पण तो राजांनीं केला म्हणून त्यास दिग्विजय म्हणावयाचें.

अमोघवर्षाचा पिता तिसरा गोविंद ह्यानें तर कमालच केली. कोल्हापूरकडील नेसरी येथील दानाच्या, इ. स. ८०५ मधील ताम्रपटांत त्यानें जिंकलेल्या राजचिन्हांची यादीच दिली आहे. पांड्यांपासून मासा, पल्लवांपासून बैल, चोलांपासून वाघ, गंगांपासून हत्ती, केरळाधिपतीपासून धनुष्य, चालुक्यादिकांपासून वराह, आणि बंगालच्या धर्मपालापासून भगवती तारा. सारा हिंदुस्थान जणुं एका माणसाच्या दिवाणखान्यांत येऊन बसला. आजच्या विद्यार्थ्यानें नकाशा पुढें घेऊन ह्या चिन्हांच्या जागीं टांचण्या टोंचल्या तर कन्याकुमारीच्या किनाऱ्यापासून गंगेच्या मुखापर्यंत टांचण्या लागतील. त्या यादींतील प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानावा असें नाहीं. तरी त्या काळीं एवढ्या लांबवर धाडसानें सेना नेणारा दुसरा दक्षिणी राजा दाखविणें कठीण आहे.

अशाच एका मोहिमेंत, उत्तरेकडून परततांना, गोविंदाची छावणी पावसाळ्यासाठीं नर्मदेच्या बाजूस श्रीभवन नामक ठिकाणीं पडली असतां, इ. स. ८०० च्या सुमारास, त्याला पुत्र झाला. त्याचें नांव शर्व. हाच पुढें अमोघवर्ष, नृपतुंग, अतिशयधवल, वीरनारायण अशा अनेक नांवांनीं प्रसिद्ध झाला. राजवाड्याच्या पाळण्यांत नव्हे, तर सैन्याच्या राहुट्यांत त्यानें प्रथम डोळे उघडले. तथापि लढाईची आवड मात्र त्याच्या अंगीं पित्यासारखी कधींच आली नाहीं.

इ. स. ८१४ मध्यें गोविंद वारला. शर्व तेव्हां मिसरूडही न फुटलेला मुलगा होता. पित्यानें दूरदृष्टीनें त्याच्या पाठीशीं गुजरातेंतील शाखेचा कर्क ह्या चुलतभावाची योजना केली होती. मासा, वाघ, हत्ती, धनुष्य हीं सारीं जिंकलेलीं चिन्हें त्या मुलाच्या वांट्यास आलीं. आणि ज्यांचीं तीं होतीं त्यांचा द्वेषही वांट्यास आला. चारपांच वर्षें गेलीं न गेलीं तोंच बंडाळी माजली. मांडलिक उठले, भाऊबंद फितूर झाले, वेंगीच्या चालुक्यांनीं उचल केली, आणि बाल राजास सिंहासनावरून खालीं उतरावें लागलें. खजिन्यांतल्या चिन्हांपैकीं एकही त्याच्या मदतीस धांवलें नाहीं. धांवला तो कर्क. त्यानें बंडखोरांचा मोड करून इ. स. ८२१ पूर्वीं चुलतभावास पुन्हां गादीवर बसविलें, हें त्याच्याच सुरत येथील ताम्रपटावरून कळतें. हाती सैन्य असलेला, वयानें मोठा आणि कर्तृत्ववान् असा हा पुरुष त्या वेळीं स्वतःच राजा होऊं शकला असता. तो झाला नाहीं, ही गोष्ट मला गोविंदाच्या सर्व विजयांहून मोठी वाटते.

लहानपणीं बसलेला हा चटका अमोघवर्ष विसरला नसावा. पुढील साठ वर्षांच्या कारकीर्दीत त्यास लढाया कराव्या लागल्याच. वेंगीच्या चालुक्यांशीं विंगवल्ली येथें घनघोर संग्राम होऊन त्यास जय मिळाला. चालुक्यरूपी समुद्रांत बुडालेली रट्टांची राज्यलक्ष्मी त्यानें पृथ्वीप्रमाणें वर उचलली म्हणून तो वीरनारायण झाला, असें त्याच्या वंशजांचे कवि म्हणतात. येथें चतुर वाचकांच्या लक्षांत एक मौज येईल. बुडालेली पृथ्वी दांतांवर उचलणें हें वराहाचें काम, आणि वराह हें तर चालुक्यांचें चिन्ह! कवीनें शत्रूच्या ध्वजावरचा वराह उचलून आपल्या राजाच्या अंगांत घातला आणि शत्रूला नुसता समुद्र करून ठेवलें. पणजोबानें वराहाचें हरिण केलें होतें. पणतूनें तो वराह स्वतःकडेच घेतला. तलवारीनें जेवढें लुटतां येत नाहीं तेवढें कवि लेखणीनें लुटतात.

म्हैसूरकडील गंग राजांशीं मात्र त्याचें युद्ध वर्षानुवर्षें रेंगाळलें. त्याचा सेनापति बंकेय हा मोठा शूर होता. बंकापूर हें नगर त्याच्याच नांवानें वसलें. बंकेय गंगांच्या मुलखांत खोलवर शिरला असतां मागें राज्यांत बंड उठलें आणि त्यास परत बोलवावें लागलें. त्या बंडांत राजाचा स्वतःचा पुत्रही सामील होता असें कोन्नूरच्या शिलालेखावरून दिसतें. गुजरातेंतील शाखेशींही, म्हणजे ज्या कर्कानें त्यास गादी मिळवून दिली त्याच्याच वंशजांशीं, पुढें वैर माजलें व तें बरींच वर्षें चाललें. शेवटीं राजानें दुसरा मार्ग धरला. गंगांचा राजपुत्र बूतुग यास त्यानें आपली कन्या दिली आणि भांडण मिटविलें. ज्यांचा हत्ती बापानें हिरावून आणला होता, त्यांच्या घरीं मुलानें आपली लेक नांदावयास पाठविली. ह्या सोयरिकीमुळें राष्ट्रकूटांना पुढें कित्येक पिढ्या गंगांचें निष्ठावंत साहाय्य मिळालें. हत्तीच्या चिन्हानें तें मिळालें नसतें.

राज्याचा मध्य म्हणून त्यानें मान्यखेट हें नगर उभारलें. हेंच आजचें मालखेड. तें कागिणा नदीच्या कांठीं, कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत आहे. आपल्या मराठवाड्याचा व त्या भागाचा संबंध १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांतला होता, हें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून मुलांनीं ऐकलें असेलच. मान्यखेटाची कीर्ति समुद्रापलीकडे गेली. इ. स. ८५१ मधील एका अरबी वृत्तांतांत, जो सुलेमान नांवाच्या व्यापाऱ्याच्या नांवावर मोडतो, जगांतील चार थोर राजे सांगितले आहेत. बगदादचा खलीफा, चीनचा बादशहा, रूमचा सम्राट् आणि हिंदुस्थानांतील बल्हरा. बल्हरा म्हणजे वल्लभराज. हें राष्ट्रकूटांचेंच बिरुद परक्या जिभेवर असें फिरलें. व्यापाऱ्याला शिलालेखांतील स्तुति वाचतां येत नसते. त्याला रस्ते निर्धोक आहेत कीं नाहींत आणि सैन्याला पगार वेळेवर मिळतो कीं नाहीं हें कळतें. म्हणून ही साक्ष मोलाची समजली पाहिजे.

आतां ह्या राजाचें खरें मन जेथें रमत असे त्या भागाकडे वळूं. जैन पंडित जिनसेनाचार्य ह्यांना तो गुरुस्थानीं मानी. त्यांनीं आपले गुरु वीरसेन ह्यांची अपुरी राहिलेली जयधवला नांवाची प्रचंड टीका इ. स. ८३७ मध्यें पूर्ण केली, आणि नंतर आदिपुराण हाती घेतलें. राष्ट्रकूटांच्या राजचिन्हांत पालिध्वज नांवाचें एक चिन्ह वारंवार येतें. तो ध्वज म्हणजे नेमका काय, हें कोडें विद्वानांस पुष्कळ दिवस सुटत नव्हतें. त्याचें उत्तर ह्या आदिपुराणांतच सांपडलें. पालिध्वज म्हणजे एक निशाण नव्हे, तर निशाणांची ओळ. माला, वस्त्र, मोर, कमळ, हंस, गरुड, सिंह, बैल, हत्ती आणि चक्र अशा दहा आकृति. प्रत्येकीचीं एकशें आठ निशाणें. म्हणजे एका दिशेस एक हजार ऐंशीं, आणि चारी दिशांस मिळून चार हजार तीनशें वीस. राजाची स्वारी निघाली म्हणजे एवढीं निशाणें खरोखर फडकत असतील असें नाहीं, पण कल्पनेनें तें दृश्य डोळ्यांपुढें आणून पाहावें. ह्या ओळींत गरुड दहांतील एक आहे. सिंह, बैल, हत्ती त्याच्या शेजारीं आहेत, कोणी कोणाचा लुटलेला नाहीं.

त्याच्याच कृपाछत्राखालीं महावीराचार्यांनीं गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. इतक्या वस्तूंतून इतक्या निवडावयाच्या तर त्या किती प्रकारें निवडतां येतील, ह्याचा सामान्य नियम त्यांत दिलेला आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी आज तोच नियम घोकतात. शाकटायन वैयाकरणानें आपल्या व्याकरणावरील वृत्तीस अमोघवृत्ति असें राजाचेंच नांव दिलें. कन्नड भाषेंतील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ कविराजमार्ग हा त्याच्या दरबारांत, श्रीविजय कवीच्या हातून, तयार झाला. त्यांत कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे तेव्हां आपली गोदामाई दोन भाषांची शीव होती! मराठी त्या वेळीं अद्याप पाळण्यांत होती, म्हणून तिनें रुसूं नये. इकडे कोंकणांत त्याचे मांडलिक शिलाहार राज्य करीत, आणि मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं व विहारांच्या डागडुजीसाठीं लोक देणग्या देत. त्या देणग्यांच्या लेखांतही सम्राट् म्हणून अमोघवर्षाचेंच नांव आहे. विष्णूचा गरुड मुद्रेवर, जैन गुरु दरबारीं, बौद्ध मठ राज्यांत सुखरूप. असा तो काळ होता.

आणि ह्याच राजानें देवीपुढें आपलें बोट कापून ठेवलें. संजाण येथें सांपडलेल्या, शके ७९३ म्हणजे इ. स. ८७१ च्या ताम्रपटांत ही हकीगत आहे. प्रजेवर कांहीं घोर संकट आलें असतां तें टळावें म्हणून त्यानें डाव्या हाताचें बोट महालक्ष्मीस अर्पण केलें. ती देवी म्हणजे कोल्हापूरची अंबाबाई, असें सामान्यतः मानतात. कवीनें ह्या प्रसंगीं शिबि, दधीचि व जीमूतवाहन ह्यांचें स्मरण केलें आहे आणि राजाचा त्याग त्यांच्याहून सरस ठरविला आहे. आजच्या वाचकास बोट कापल्यानें रोगराई वा दुष्काळ टळतो हें पटणार नाहीं, आणि पटूंही नये. परंतु ज्या काळीं राजे संकट आलें असतां दुसऱ्यांचीं डोकीं उडवीत, त्या काळीं एकानें स्वतःचें बोट पुढें केलें, एवढें तरी मान्य करावें लागतें. मुद्रेवर हातांत नाग धरलेला गरुड आणि त्या मुद्रेखालच्या सनदेंत चार बोटांचा राजा! हें चित्र मला नेहमीं विचारांत पाडतें.

आतां लातूरची गोष्ट. इ. स. ८६६ मध्यें, अमोघवर्षाच्या कारकीर्दीच्या बावन्नाव्या वर्षीं, जुन्या धारवाड जिल्ह्यांतील शिरूर व नीलगुंद येथें शिलालेख कोरले गेले. अंग, वंग, मगध, माळवा आणि वेंगी येथील राजे त्याच्या पायां पडत, असें त्यांत म्हटलें आहे. ह्यांतील बराच भाग टॅलबटच्या लिलीच्या फुलासारखा समजावा. बंगालचे पाल राजे त्या काळीं कोणाच्या पायां पडण्याच्या स्थितींत नव्हते. परंतु त्याच लेखांत, गरुडचिन्हाच्या जोडीलाच, एक नवें बिरुद येतें : लत्तलूरपुरवराधीश्वर, म्हणजे लत्तलूर ह्या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हें लत्तलूर म्हणजेच आपलें लातूर. फ्लीटसाहेबांनीं एकदां तें बिलासपूरकडील रतनपूर असावें असा तर्क केला होता. पण पुढें लातूरचाच पक्ष विद्वानांस मान्य झाला, आणि राष्ट्रकूटांचा इतिहास १९३४ सालीं लिहून प्रसिद्ध करणारे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर ह्यांनींही तोच उचलून धरला. ह्या कुळाचे पूर्वज लातुराहून निघून वऱ्हाडांत एलिचपूरकडे गेले व तेथून त्यांचा उदय झाला, असें त्यांचें मत आहे.

लातूर तेव्हां राजधानी नव्हतें. तेथें मोठा खजिना होता किंवा मोठा किल्ला होता असेंही कोठें लिहिलेलें नाहीं. मान्यखेटासारखें नगर ज्यानें वसविलें, ज्याचें नांव बगदादपर्यंत गेलें, त्यानें साठी ओलांडल्यावर पूर्वजांच्या गांवाचें नांव आपल्या नांवापुढें कां लावावें? पित्यानें दुसऱ्यांच्या ध्वजांवरचे मासे व वाघ गोळा केले. त्याची किंमत मुलानें बाळपणींच मोजली होती. त्यानें जें नवीन चिन्ह घेतलें तें कोणाचें लुटलेलें नव्हतें. आपल्याकडील शेतकरी कामासाठीं मुंबई–पुण्यास जाऊन तेथें घर बांधतो, आणि दारावरच्या पाटीवर नांवापुढें गांवाचें नांव लिहितो. त्या पाटीची आणि ह्या बिरुदाची जात एकच आहे असें मला वाटतें. पुढें सौंदत्तीच्या रट्टांनीं हेंच बिरुद अभिमानानें चालविलें. आपल्या लातूरकर आडनांवाच्या मंडळींनीं हें वाचून मिशीला पीळ दिला तर तो त्यांचा हक्क आहे.

वार्धक्यांत राज्यकारभारावरून त्याचें मन उडालें. मधून मधून तो राज्यभार युवराजावर सोंपवून एकांतांत चिंतनांत काळ घालवी. प्रश्नोत्तररत्नमालिका ह्या छोट्या नीतिपर संस्कृत काव्याचा कर्ता म्हणून त्याचें नांव सांगतात, आणि विवेकानें राज्य सोडलेल्या राजानें तें रचलें असा त्यांत उल्लेख आहे. दुसरेही कर्ते कोणी कोणी सांगतात. पण तिबेटी भाषेंत ह्या काव्याचें जें भाषांतर झालें त्यांत अमोघवर्षाचेंच नांव आहे. ज्याच्या पित्याच्या सेना हिमालयाच्या पायथ्याच्या गोष्टी सांगत, त्याचें पुस्तक हिमालय ओलांडून गेलें. शके ७९९ म्हणजे इ. स. ८७७–७८ च्या सुमारास कान्हेरीच्या लेखांत त्याचें नांव अखेरचें दिसतें. त्यानंतर त्याचा पुत्र दुसरा कृष्ण गादीवर आला. चौसष्ट वर्षांच्या आसपास राज्य केलेले राजे जगाच्या इतिहासांत फार थोडे आहेत.

त्याच्या वंशांत पुढें तिसरा कृष्ण हा पुन्हां मोठा दिग्विजयी निघाला. त्यानें कंधारचें नांव आपल्या बिरुदांत घातलें. अशा रीतीनें आजच्या लातूर व नांदेड ह्या दोन्ही जिल्ह्यांचीं गांवें एकाच घराण्याच्या बिरुदावळींत आलीं. परंतु तो वारल्यावर पांचच वर्षांनीं, इ. स. ९७२ मध्यें, माळव्याचा परमार राजा सीयक ह्यानें मान्यखेटावर स्वारी करून तें नगर लुटलें. ज्या माळव्याचा राजा अमोघवर्षाच्या पायां पडतो म्हणून शिलालेख कोरले होते, त्याच माळव्याचा हा राजा. खोट्टिग राष्ट्रकूटाची संपत्ति त्यानें हरण केली, आणि हें वर्णितांना परमारांचा कवि सीयकास उपमा देतो ती गरुडाची.

सीयकाचा पुत्र मुंज हा मोठा विद्वान् व कवींचा आश्रयदाता. इ. स. ९७४ पासूनचे त्याचे ताम्रपट उपलब्ध आहेत. त्यांत तो स्वतःस पृथ्वीवल्लभ व श्रीवल्लभ म्हणवितो. हीं दोन्हीं राष्ट्रकूटांचींच बिरुदें. आणि वाक्पतिराज ह्या आपल्या नांवाबरोबर त्यानें दुसरें नांव म्हणून कोरविलें आहे तें अमोघवर्ष. मान्यखेटांतून माळव्यांत गेलेलें सोनें कोठें गेलें हें आज कोणास सांगतां येत नाहीं. हें नांव मात्र तांब्यावर स्पष्ट वाचतां येतें, आणि मुंजाच्या पटांवर लेखाबरोबर उडता गरुड कोरलेला आहे. त्याच्या एका हातांत साप आहे व दुसरा हात त्यावर उगारलेला आहे.